गाण्याचे मोल आणि दानाची मर्यादा

पालख्या पुण्यातून पुढे निघाल्या म्हणजे हडपसरचा सोलापूर रस्ता एक दिवस वाहनांचा राहत नाही, माणसांचा होतो. ज्ञानोबांची पालखी येथून दिवे घाट चढण्यासाठी सासवडकडे वळते आणि तुकोबांची लोणी काळभोरची वाट धरते. रस्त्याच्या दुतर्फा मांडव पडतात, चहा-फराळ वाटला जातो आणि ध्वनिवर्धकांवर दिवसभर अभंग चालू असतात. त्यांतला एक आवाज कोणी सांगावा लागत नाही. मांडव कोणत्याही पक्षाचा असो, मंडळ कोणत्याही जातीचे असो, तो आवाज लता मंगेशकरांचा असतो. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. परंतु ज्या घरांत त्या कधी गेल्या नाहीत त्या लाखो घरांत त्यांचे असणे संपलेले नाही.

या रस्त्याजवळच माळवाडीत साने गुरुजींच्या नावाचे रुग्णालय आहे. याच शहराच्या दुसऱ्या अंगाला, एरंडवण्यात, मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या नावाचे रुग्णालय आहे. एक नाव ज्याच्या मागे काहीच मिळकत उरली नाही अशा शिक्षकाचे. दुसरे कर्जबाजारी होऊन अकाली गेलेल्या नटगायकाचे, ज्याच्या कन्येने आपल्या कीर्तीच्या बळावर ते भिंतींवर कोरले. या दोन नावांच्या मधल्या अंतरात एक प्रश्न उभा आहे आणि तो केवळ संगीतरसिकांचा नाही. लोकप्रिय कलावंताचे औदार्य समाजासाठी काय करू शकते, आणि काय करू शकत नाही? लताबाईंच्या चरित्राइतके या प्रश्नाचे स्वच्छ उत्तर महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

या चरित्राचा आरंभ गोव्यातील मंगेशीच्या देवळात होतो. दीनानाथांच्या मातोश्री येसूबाई या देवळाच्या सेवेला बांधलेल्या कलावंत समाजातील होत्या. गाणे हा या समाजातील स्त्रियांना जन्माने नेमून दिलेला व्यवसाय होता. त्याला दाद मिळे, बिदागी मिळे, परंतु प्रतिष्ठा मिळत नसे. दीनानाथांनी पित्याचे आडनाव न लावता गावाचे नाव लावले, त्यामागे एका अख्ख्या समाजाचा न बोललेला इतिहास आहे. १९१८ साली त्यांनी 'बळवंत संगीत मंडळी' काढली. तिने रंगभूमी गाजवली आणि बोलपटांचा काळ येताच इतर नाटक मंडळ्यांप्रमाणे तीही खचली. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात दीनानाथांचे निधन झाले तेव्हा ते ४१ वर्षांचे होते. पाच भावंडांतील थोरली, २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूरला जन्मलेली लता, त्या वेळी तेराव्या वर्षात होती.

पुढची कथा महाराष्ट्राला पाठ आहे. मास्टर विनायकांच्या चित्रसंस्थेत लहानसहान भूमिका, १९४५ साली मुंबई, 'आवाज पातळ आहे' म्हणून झालेला नकार, गुलाम हैदर यांनी १९४८ च्या 'मजबूर'मध्ये दाखविलेला विश्वास आणि १९४९ च्या 'महल'ने केलेला चमत्कार. ही कथा नेहमी प्रतिभेची आणि ईश्वरी देणगीची म्हणून सांगितली जाते. प्रतिभा होती यात शंका नाही. परंतु तेराव्या वर्षी अंगाला रंग लावून, न आवडणाऱ्या कॅमेऱ्यासमोर उभी राहणारी ती मुलगी कलेच्या ओढीने तेथे गेलेली नव्हती. घरात आई आणि चार धाकटी भावंडे होती. कर्ता पुरुष गेलेल्या घरातील थोरल्या मुलीला जे करावे लागते, तेच ती करीत होती. गिरणगावातील आणि विडीच्या कारखान्यातील हजारो मुलींची तीच कहाणी होती. फरक इतकाच की, या मुलीच्या हातात विकण्यासाठी जी श्रमशक्ती होती ती तिच्या गळ्यात होती. लताबाईंना प्रथम कामगार म्हणून पाहिल्याशिवाय त्यांच्या पुढील आयुष्यातील सर्वांत महत्त्वाच्या झगड्याचा अर्थ लागत नाही.

'महल'मधील गाणे रेडिओवर गाजू लागले तेव्हा ते कोणी गायिले हे श्रोत्यांना ठाऊक नव्हते. ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचे म्हणून जे नाव छापले होते ते 'कामिनी', म्हणजे पडद्यावरील पात्राचे! ज्याने श्रम केले त्याचे नावच मालावरून पुसून टाकण्याची ही रीत त्या काळी सर्रास होती. लताबाईंनी नावाचा आग्रह धरला. 'फिल्मफेअर'च्या पारितोषिकांत संगीत दिग्दर्शकाला स्थान होते आणि पार्श्वगायकाला नव्हते, तेव्हा त्या समारंभात गाण्यास त्यांनी नकार दिला. त्यानंतर गायनासाठी स्वतंत्र पारितोषिक सुरू झाले आणि १९५९ साली ते पहिल्यांदा मिळाले तेही त्यांनाच, 'मधुमती'तील गाण्यासाठी. हा अहंकार म्हणून हिणवणारे तेव्हाही होते. परंतु मजुराचे नाव हजेरीपटावर लागावे, ही कामगार चळवळीची पहिलीच मागणी नसते काय?

नावानंतर दामाचा प्रश्न आला. गाण्याचा व्यवहार इतर मालाच्या व्यवहारापेक्षा वेगळा आहे. विणकराने विणलेले कापड एकदाच विकले जाते. गायकाने एका दिवसात केलेले काम मात्र एकदा मुद्रित झाले की लाखो तबकड्यांवर पुन्हा पुन्हा विकले जाते, आणि प्रत्येक नव्या प्रतीचा खर्च अगदी थोडा असतो. गायकाचा मोबदला गाणे बाजारात येण्यापूर्वी ठरतो. त्याचे यश मात्र बाजारात आल्यावर ठरते. म्हणजे यशाचा सर्व वाढावा निर्मात्याच्या आणि ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीच्या पदरी जमा होतो. देशात त्या काळी ही कंपनी जवळजवळ एकच होती, कलकत्त्याची ग्रामोफोन कंपनी. तिच्या तबकडीवर 'मालकाचा आवाज' ऐकण्यासाठी कान टवकारून बसलेल्या कुत्र्याचे चित्र असे. आवाज कोणाचा आणि मालक कोण, हा प्रश्न त्या चित्राने न कळत विचारलेलाच होता.

१९६० नंतरच्या वर्षांत लताबाईंनी विक्रीतील हिश्श्याची, म्हणजे स्वामित्वधनाची मागणी लावून धरली. महंमद रफींचे मत निराळे होते. गाण्याचा ठरलेला मोबदला हाती पडला की गायकाचा हक्क संपला, असे ते म्हणत. दोघांत इतके वितुष्ट आले की काही वर्षे त्यांनी एकत्र गाणेच सोडले. १९६७ च्या सुमारास ते मिटले. सामान्यजनांच्या मनात या वादात रफी उदार आणि लताबाई हिशेबी, असे चित्र राहिले आहे. रफी मनाने उदार होते, हे सर्वांनी सांगितले आहे. परंतु येथे त्यांचे औदार्य कोणाच्या पथ्यावर पडत होते हे पाहिले पाहिजे. ते गरीब वादकाच्या किंवा समूहगायकाच्या खिशात जात नव्हते. ते कंपनीच्या ताळेबंदात जमा होत होते. बलवानापुढे सोडलेला हक्क हे दान होत नाही. आणि जो हक्क एक मोठा कलावंत सोडतो, तो मागण्याचे बळ त्याच्यामागच्या शंभर लहान कलावंतांतही उरत नाही. त्या वादात अर्थशास्त्र लताबाईंच्या बाजूने होते, न्यायही त्यांच्याच बाजूने होता.

या लढ्याची एक उणीवही सांगितली पाहिजे. तो मुख्यतः आपल्या गळ्याच्या मक्तेदारीवर लढला गेला. लताबाईंवाचून चित्रपट अडत होता, म्हणून लताबाईंना द्यावे लागले. ज्या व्हायोलिनवाल्यावाचून, ज्या ढोलकीवाल्यावाचून, ज्या समूहातील चौथ्या मुलीवाचून कोणाचेच काही अडत नव्हते, त्यांना या मार्गाने काही मिळणे शक्य नव्हते. एकट्याच्या सामर्थ्याने मिळविलेली सवलत आणि संघटनेने मिळविलेला हक्क यांत हाच भेद असतो. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या खटल्यात निर्मात्याच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र टिपणात खंत व्यक्त केली की, आपल्या कायद्यात गायकाच्या गायनाला संरक्षणच नाही. कायद्यात कलावंताच्या प्रयोगाचा हक्क प्रथम आला १९९४ साली, आणि गायकांना स्वामित्वधनाचा हिस्सा मिळण्याची तरतूद झाली २०१२ साली. कवी आणि संगीतकार यांचा हिस्सा तर करार लिहून घेऊनही हिरावता येणार नाही, अशी व्यवस्था त्याच दुरुस्तीने केली. लताबाईंनी मागणी केल्यापासून कायदा होईपर्यंत सुमारे अर्धशतक गेले. त्या अर्धशतकात किती वादक आणि गायक विस्मृतीत व दारिद्र्यात गेले, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

आता दानाकडे वळू. लताबाईंनी कमावले तसे दिलेही, आणि देण्याची सुरुवात कीर्ती पूर्ण होण्यापूर्वीच झाली. १९५४ साली दादरा-नगर हवेलीच्या मुक्तीसाठी निधी हवा होता. सुधीर फडके यांच्या पुढाकाराने पुण्यात हिराबागेवर कार्यक्रम झाला आणि लताबाई तेथे मोबदला न घेता गायिल्या. त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये ते प्रदेश पोर्तुगीजांच्या ताब्यातून मोकळे झाले. पुढच्या वर्षी नानासाहेब गोरे, सेनापती बापट, मधु लिमये यांनी गोव्याच्या सत्याग्रहात लाठ्या आणि तुरुंगवास सोसला. गोवामुक्तीच्या या प्रयत्नांत निरनिराळ्या विचारांची माणसे होती आणि त्यांचे आपसांत फारसे पटत नसे. परंतु ज्यांच्या आजीचे गाणे मंगेशीच्या देवळात बांधले गेले होते, त्या मुलीने त्याच पोर्तुगीज सत्तेविरुद्ध आपले गाणे मोकळे केले, याची नोंद पक्षभेद बाजूला ठेवून केली पाहिजे.

२७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत, चीनच्या युद्धातील पराभवाची जखम ओली असताना, कवी प्रदीप यांचे आणि सी. रामचंद्र यांनी स्वरबद्ध केलेले 'ऐ मेरे वतन के लोगों' लताबाई गायिल्या, त्या वेळी पंडित नेहरूंचे डोळे पाणावल्याची हकिकत सर्वांना ठाऊक आहे. त्या गीताची दुसरी हकिकत मात्र फारशी सांगितली जात नाही. कवी प्रदीपांनी या गीताचे आपले स्वामित्वधन युद्धातील सैनिकांच्या विधवांसाठी दिलेले होते. ते पैसे त्या निधीत पोहोचावेत म्हणून अखेर मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले आणि २००५ साली न्यायालयाने कंपनीला १० लाख रुपये निधीत भरण्यास सांगितले. गीत १९६३ चे आणि भरणा २००५ चा! पंतप्रधानांच्या डोळ्यांतले पाणी आणि विधवेच्या हातातला पैसा यांच्यामध्ये बेचाळीस वर्षे गेली. दात्याचा हेतू कितीही शुद्ध असो, दान पोहोचविणारी वाट जर दुसऱ्याच्या मालकीची असेल तर काय होते, याचे हे उदाहरण कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे.

तिसरा प्रसंग १९८३ चा. क्रिकेटचा विश्वचषक जिंकून आलेल्या संघाला बक्षीस देण्याइतका पैसा नियामक मंडळापाशी नव्हता. राजसिंह डुंगरपूर यांच्या विनंतीवरून लताबाई दिल्लीत गायिल्या, जमलेल्या रकमेतून प्रत्येक खेळाडूला १ लाख रुपये देण्यात आले आणि लताबाईंनी स्वतः काही घेतले नाही. आज तेच मंडळ जगातील सर्वांत धनाढ्य क्रिकेट मंडळ आहे. ज्याला मदत केली तो पुढे मदत करणाऱ्यापेक्षा श्रीमंत झाला, यात वाईट काही नाही. पण दानाचा ओघ कोठे वाहतो हे पाहण्याजोगे आहे. जेथे टाळ्या आहेत तेथे तो सहज वाहतो. जेथे टाळ्या नाहीत तेथे त्याला वाट काढून द्यावी लागते. विश्वचषक जिंकलेल्या संघासाठी मैफल भरते. उचल घेऊन साखर कारखान्याच्या फडात आलेल्या ऊसतोडणी मजुराच्या बाळंतपणासाठी मैफल भरत नाही.

१९९९ ते २००५ या काळात लताबाई राज्यसभेच्या नामनियुक्त सदस्य होत्या. सभागृहात त्यांची उपस्थिती फारच थोडी होती आणि त्यावर टीकाही झाली. त्यांनी सदस्यत्वाचे वेतन-भत्ते घेतले नाहीत, असे त्यांच्या बाजूने सांगण्यात येते आणि ते खरेही आहे. परंतु लोकप्रतिनिधीकडून देशाने वेतनाचा त्याग मागितलेला नसतो. त्याची हजेरी मागितलेली असते. कलावंतांच्या हक्कांचा प्रश्न ज्यांनी स्वतःच्या अनुभवाने जाणला होता, त्यांनी तो सभागृहात मांडला असता तर २०१२ चा कायदा कदाचित काही वर्षे आधी आला असता. दानाने कर्तव्याची भरपाई होत नाही. त्यांच्या राजकीय मतांशी समाजवादी विचारांचा मेळ नव्हता, हेही लपविण्याचे कारण नाही. मात्र येथील मुद्दा मतांचा नाही, जबाबदारीचा आहे.

या सर्व देण्याचा कळस म्हणजे पुण्यातील दीनानाथ मंगेशकर रुग्णालय. लता मंगेशकर मेडिकल फाउंडेशनने उभारलेले हे रुग्णालय २००१ साली सुरू झाले. त्याच वर्षी लताबाईंना 'भारतरत्न' मिळाले. ज्या शहरात वडील गेले त्याच शहरात त्यांच्या नावाने रोग्यांची सेवा व्हावी, या इच्छेमागची भावना समजण्यासाठी विशेष कल्पकता लागत नाही. त्या रुग्णालयात उत्तम वैद्यक झाले, असंख्य रोगी बरे होऊन घरी गेले. हे सर्व मान्य करूनच पुढचा विचार केला पाहिजे.

धर्मादाय रुग्णालय हे नुसते दात्याच्या मर्जीवर चालत नाही. त्याला कायद्याने सवलती मिळतात आणि कायद्यानेच बंधने येतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये, मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ साली जी योजना लागू झाली, तिच्याप्रमाणे अशा प्रत्येक रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात. देयकांच्या एकूण रकमेच्या २ टक्के इतका पैसा निर्धन रुग्ण निधीत वेगळा काढावयाचा असतो. अशा रुग्णाकडून दाखल करून घेताना अनामत मागू नये, असेही तिच्यात आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने गरिबाची ती खाट ही दात्याची कृपा नाही, ती त्या गरिबाची आहे.

आणि तरीही, २०२५ च्या एप्रिल महिन्यात याच रुग्णालयात एका गर्भवती स्त्रीला दाखल करून घेण्यापूर्वी मोठी अनामत मागितल्याचा आरोप झाला. त्या स्त्रीला दुसरीकडे हलवावे लागले आणि पुढे तिचा मृत्यू झाला. आरोप-प्रत्यारोप झाले, मोर्चे निघाले, शासनाने चौकशी लावली आणि तातडीच्या रुग्णांकडून यापुढे अनामत घेणार नाही, असे रुग्णालयाला जाहीर करावे लागले. त्या प्रकरणात कोणाचा किती दोष, हा चौकशीचा आणि न्यायालयाचा विषय आहे. या लेखाचा नाही. लताबाई तर तेव्हा हयातही नव्हत्या. परंतु एक गोष्ट सर्वांना दिसली. ज्या आवाजाने कोट्यवधींना धीर दिला, त्या आवाजाची पुण्याईसुद्धा दवाखान्याच्या खिडकीवरील हिशेबाला पुरून उरत नाही. संस्था दात्याच्या हृदयावर चालत नाही. ती तिच्या अर्थव्यवहारावर आणि तिच्यावरील सार्वजनिक देखरेखीवर चालते. देखरेख ढिली पडली की धर्मादाय आणि धंदेवाईक यांतील भेद नामफलकापुरता उरतो.

हा केवळ आपल्याकडचा प्रश्न नाही. कोलंबियातील बारांकिया शहरात १९७७ साली जन्मलेली शकीरा ही गायिका आज जगभर ओळखली जाते. स्पॅनिश भाषेत गाऊन तिने प्रथम आपला खंड जिंकला आणि मग इंग्रजीत गाऊन जग जिंकले. विशीत असतानाच, १९९७ साली, तिने 'अनवाणी पाय' अशा अर्थाच्या नावाची संस्था काढली आणि यादवीने उद्ध्वस्त झालेल्या आपल्या देशातील गरीब मुलांसाठी शाळा उभारल्या. हे काम खरे आणि मोलाचे आहे. त्याच शकीरावर स्पेनमध्ये २०१२ ते २०१४ या वर्षांतील १ कोटी ४५ लाख युरोंचा कर चुकविल्याचा खटला भरला गेला. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये बार्सिलोनात तिने तडजोड स्वीकारली आणि ७० लाखांहून अधिक युरोंचा दंड मान्य केला. एका हाताने शाळा आणि दुसऱ्या हाताने करविवाद, ही विसंगती एका व्यक्तीची नव्हे, तर व्यवस्थेची आहे. कर म्हणजे सर्वांनी मिळून ठरविलेले दान. त्यातून शाळा कोठे बांधावयाची हे लोकांचे प्रतिनिधी ठरवितात. खाजगी दान म्हणजे एकट्याने ठरविलेला कर. त्यातून शाळा कोठे बांधावयाची हे दाता ठरवितो. पहिला आटला की दुसऱ्याची स्तुती वाढते, आणि ज्या समाजात दात्यांची स्तुती फार ऐकू येते तेथे सार्वजनिक तिजोरी रिकामी आहे, असे खुशाल समजावे.

दात्यांची निंदा करावी असा याचा अर्थ नाही. समाजवाद्यांनी स्वतःही निधीसाठी कलावंतांची मदत घेतली आहे आणि अभिमानाने घेतली आहे. सेवा दलाच्या कलापथकाने गावोगाव गाऊन माणसे जोडली. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आदींनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले आणि त्या पैशातून पूर्ण वेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या चुली पेटत्या राहिल्या. त्या निधीच्या नावातच त्याचे तत्त्व होते. तेथे 'उपकार' हा शब्द नव्हता, 'कृतज्ञता' हा होता. घेणारा लाचार नव्हता. समाज त्याचे देणे फेडीत होता. दानाला ही दृष्टी असली म्हणजे ते हक्काचे सोबती होते. नसली म्हणजे हक्काची जागा बळकावते.

आता पुन्हा हडपसरला येऊ. माळवाडीतील साने गुरुजी रुग्णालय डॉ. दादा गुजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्र आरोग्य मंडळाच्या वतीने उभे केले तेव्हा भोवती मळे होते. नंतर कारखाने आले, मग मगरपट्ट्याची गगनचुंबी नगरी आली, तिच्यामागून संगणकाच्या कंपन्या आल्या आणि खाजगी रुग्णालये तर पावलागणिक आली. ज्यांच्या श्रमावर हे सारे चालते ती माणसे, कंत्राटी सफाई कामगार, घरकाम करणाऱ्या बाया, रखवालदार, रामटेकडीच्या औद्योगिक वसाहतीत रोजंदारीवर जाणारे, फुरसुंगीच्या कचरा डेपोच्या दुर्गंधीत राहणारे, यांच्यासाठी आजारपण म्हणजे अजूनही कर्ज आहे. त्यांच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे की, शहरातील प्रत्येक धर्मादाय रुग्णालयात दर दहा खाटांतील एक खाट निर्धनासाठी विनामूल्य असावयाची आहे? ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी तो हक्क असून नसल्यासारखाच आहे.

येथे कार्यकर्त्यांना करण्यासारखे काम आहे आणि त्यासाठी मैफल भरविण्याची गरज नाही. वस्तीवस्तीत जाऊन या योजनेची माहिती सोप्या शब्दांत सांगणे, उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका आजार येण्यापूर्वीच तयार ठेवावयास लावणे, रुग्णालयांत राखीव खाटांचा फलक लावलेला आहे की नाही आणि त्यावरील आकडा खरा आहे की नाही हे दर आठवड्यास पाहणे, नकार मिळाल्यास धर्मादाय आयुक्तांकडे लेखी तक्रार करणे आणि ती तडीस नेणे. हे काम रटाळ आहे, त्यात टाळ्या नाहीत. पण १० टक्क्यांचा कागदावरील हक्क खाटेवर उतरतो तो एवढ्यानेच. याच्या जोडीला महापालिकेने आणि शासनाने हडपसरच्या वाढत्या वस्तीच्या प्रमाणात स्वतःची रुग्णालये, स्वतःचे डॉक्टर आणि स्वतःची औषधे द्यावीत, ही मागणी चालू ठेवावी लागेल. कारण धर्मादाय खाट ही शेवटी पूरक आहे. मूळ जबाबदारी सार्वजनिक तिजोरीची आहे. आपल्या विचारांच्या माणसांनी काढलेल्या संस्थांनाही खर्चाचा मेळ घालावाच लागतो. त्यांनाही हाच नियम लावण्याचे धैर्य आपल्यात हवे.

साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार हरिजनांसाठी उघडावे म्हणून प्राण पणाला लावले. एखाद्या दयाळू बडव्याने चार जणांना आत सोडावे, असे त्यांचे मागणे नव्हते. दार सर्वांसाठी उघडावे असे होते. दान आणि हक्क यांतील अंतर यापेक्षा सोप्या रीतीने सांगता येणार नाही. लताबाईंनीही आपल्या क्षेत्रात एकदा असेच मागणे केले होते. कंपनीची बक्षिसी त्यांनी मागितली नव्हती, आपल्या श्रमाचा हिस्सा मागितला होता. त्यांच्या औदार्याच्या कथा सर्वत्र सांगितल्या जातात, सांगितल्या जाव्यात. पण त्यांच्या आयुष्यातील ही हिशेबी बाजू अधिक सांगितली गेली पाहिजे, कारण गरिबाला शिकण्यासारखे त्यातच जास्त आहे.

पुढल्या वर्षी पालख्या पुन्हा या रस्त्याने जातील, मांडवांतून तोच आवाज पुन्हा ऐकू येईल आणि थकलेल्या वारकऱ्याची पावले क्षणभर हलकी होतील. तेवढे सामर्थ्य गाण्यात आहे आणि ते देणाऱ्या गायिकेचे ऋण फेडता येण्यासारखे नाही. पण त्याच गर्दीतील एखादी म्हातारी उन्हाने कोसळली, तर तिला उचलून नेणाऱ्याने 'पैसे किती लागतील?' हा प्रश्न आधी विचारू नये, एवढी व्यवस्था करणे हे गायिकेचे काम नव्हे. ते आपले काम आहे.